लेखन आणि उच्चार : जुन्या व्हिडिओ-खेळांचा नव्या पडद्यावरील पाठ

१

एखादी कलाकृती जतन करावयाची म्हणजे तिच्यातील नेमके काय जतन करावयाचे, हा प्रश्न जुनाच आहे. नाटकाच्या बाबतीत संहिता की प्रयोग, संगीताच्या बाबतीत चीज की गायकी, ग्रंथाच्या बाबतीत पोथी की तिच्यातील शब्द, याविषयी विद्वानांत पुष्कळ ऊहापोह झालेला आहे. या चर्चेत सर्वांत अलीकडे येऊन दाखल झालेला प्रकार म्हणजे व्हिडिओ-खेळ. १९७० नंतरच्या तीन दशकांत निर्माण झालेले हे खेळ ज्या यंत्रांवर चालत आणि ज्या पडद्यांवर दिसत, ती यंत्रे व ते पडदे आता दुर्मिळ झाले आहेत. सांप्रत हे खेळ बहुतांशी इम्युलेटरच्या द्वारे, म्हणजे एका यंत्राच्या वर्तनाचे दुसऱ्या यंत्रावर अनुकरण करणाऱ्या आज्ञावलीच्या द्वारे, सपाट पडद्यावर खेळले जातात. १९९७ च्या फेब्रुवारीत निकोला साल्मोरिया यांनी प्रसिद्ध केलेला ‘मेम’ हा या परंपरेतील एक महत्त्वाचा टप्पा होय.

यंत्राच्या अंतर्भागापुरते पाहिले तर या अनुकरणाने गाठलेली अचूकता विस्मयकारक आहे. मूळ यंत्राच्या प्रक्रियकाचा एकेक ठोका मोजून त्याचे वर्तन पुन्हा घडविले जाते. तथापि याच अचूकतेच्या शेवटी पडद्यावर जे चित्र उमटते ते पाहून, ज्यांनी हे खेळ पूर्वी पाहिलेले आहेत त्यांच्या तोंडून ‘हे असे दिसत नव्हते’ असे उद्गार निघतात. हा उद्गार सामान्यतः स्मृतिरंजनाच्या सदरात टाकून दिला जातो. वस्तुतः तो एक अचूक निरीक्षण नोंदवीत असतो. साठविलेली आकडेवारी जशीच्या तशी दाखविणे म्हणजे मूळ चित्र जसेच्या तसे दाखविणे नव्हे, आणि पडद्यावरील प्रत्येक दर्शन हा त्या आकडेवारीचा एक पाठ असतो, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. त्यातही जो पाठ आपण पाठ असल्याचेच नाकारतो तो सर्वांत अधिक दिशाभूल करणारा होय, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट व्हावे.

२

मराठीच्या वाचकाला लेखन आणि उच्चार यांतील अंतर समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ‘जग’ ही दोन अक्षरे कागदावर एकच आहेत. परंतु ‘विश्व’ या अर्थी त्यांतील ज तालव्य असतो आणि ‘जगणे’ या क्रियापदाच्या आज्ञार्थी तो दंततालव्य असतो. ‘चार’ या शब्दाचीही गोष्ट तीच. संख्यावाचक ‘चार’ आणि ‘गुरांना चार’ यांतील ‘चार’ लिहिताना भेद नाही, बोलताना आहे. लिपी हा भेद नोंदवीत नाही, कारण तो नोंदविण्याची गरज कधी भासली नाही. लिहिणारा आणि वाचणारा एकाच भाषिक समाजातील असल्यामुळे लिपीने जे सोडून दिले ते वाचकाच्या सवयीने भरून काढले. उद्या ही भाषा बोलणारा कोणी उरला नाही आणि केवळ ग्रंथ उरले, तर एकाही अक्षराला धक्का न लागता एक संपूर्ण ध्वनिभेद नाहीसा झालेला असेल.

व्हिडिओ-खेळाच्या कॅसेटीत साठविलेले पिक्सेल हे असेच लेखन आहे आणि त्याचा उच्चार चित्रनलिका करीत असे. लोकव्यवहारात जिला ‘पिक्चर ट्यूब’ म्हणत त्या या नलिकेत मागील बाजूने निघालेली इलेक्ट्रॉनांची शलाका काचेच्या आतील प्रकाशणाऱ्या लेपावर डावीकडून उजवीकडे एकामागून एक आडव्या रेषा ओढीत जाई. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, आडव्या दिशेने या पडद्यावर पिक्सेल असे काही नव्हतेच. एका रेषेवर शलाकेची तीव्रता अखंडपणे कमीजास्त होत जाई. एका पिक्सेलपाशी ती थांबली आणि दुसऱ्यापाशी पुन्हा सुरू झाली असे घडत नसे. दुसरी गोष्ट ही की, उभ्या दिशेने मात्र रेषा स्पष्टपणे वेगळ्या असत. अमेरिका व जपान येथील दूरदर्शन-पद्धतीत ५२५ रेषांचे चित्र दोन हप्त्यांत, एकाआड एक रेषा घेऊन, काढले जाई. खेळांची यंत्रे मात्र साधारणतः २६२ रेषांचा संकेत पाठवीत. त्यामुळे प्रत्येक हप्त्याच्या रेषा पहिल्याच जागी पडत आणि दोन रेषांमधील जागा काळी राही.

सारांश, ज्याला आज ‘पिक्सेल’ म्हणून रेखीव चौकोनाच्या रूपात दाखविले जाते, तो त्या काळच्या पडद्यावर कडा विरघळलेला, शेजाऱ्यात मिसळलेला आणि वरखाली काळोखाने वेढलेला प्रकाशाचा ठिपका होता. चौकोन हा पिक्सेलचा मूळ आकार नव्हे. तो सपाट पडद्याने त्याला दिलेला उच्चार आहे.

३

यावर असा आक्षेप संभवतो की, कडा मऊ असोत की तीक्ष्ण, चित्राचा आशय तर आकडेवारीतच आहे. नलिकेने त्यात भर घातली ती केवळ दोषाची. काही उदाहरणे तपासल्यास या आक्षेपात फारसा जीव नाही असे दिसून येईल.

१९७७ साली आलेल्या ॲपल-टू या संगणकाचे उदाहरण सर्वांत निर्णायक आहे. त्याच्या सूक्ष्म रेखनाच्या पद्धतीत २८० गुणिले १९२ ठिपके असत आणि स्मृतिकोशातील प्रत्येक ठिपका केवळ पेटलेला किंवा विझलेला असे. तरीही दूरदर्शन-संचावर जांभळा, हिरवा, निळा, नारिंगी असे रंग दिसत. याचे कारण असे की, स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी ठिपक्यांची गती अमेरिकन दूरदर्शनच्या रंगवाहक लहरीच्या बरोबर दुप्पट ठेविली होती. ती लहर सेकंदाला सुमारे ३५.८ लक्ष आवर्तनांची. एकाआड एक पेटलेले ठिपके हे संचाला त्या लहरीसारखेच भासत आणि तो त्यांचा अर्थ ‘रंग’ असा लावी. येथे रंग दिसतो तो ठिपक्यांच्या मांडणीचा संचाने अर्थ लावल्यावर. जो इम्युलेटर हे खेळ रंगीत दाखवितो त्याने दूरदर्शन-संचाचे काम आधीच आपल्या अंगावर घेतलेले असते, आणि जो केवळ ठिपके दाखवितो त्याच्या हाती काळेपांढरे पट्टे उरतात.

निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम यंत्राची (१९८३, अमेरिकेत १९८५ पासून एन.ई.एस.) स्थिती यापेक्षा फार निराळी नाही. या यंत्राच्या चित्रविभागात लाल, हिरवा, निळा यांची प्रमाणे कोठेही लिहिलेली नाहीत. रंगछटेचा क्रमांक आणि उजेडाची पायरी एवढेच तो जाणतो व त्यांवरून थेट दूरदर्शनचा संमिश्र संकेत तयार करतो. त्या संकेतापासून प्रत्यक्ष रंग कोणता निघावा हे संचाच्या जडणघडणीवर आणि त्याच्या पुढील बाजूस असलेल्या रंगाच्या बटनावरही अवलंबून असे. म्हणूनच ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) मधील आकाश एका इम्युलेटरच्या रंगतक्त्यात निळे, तर दुसऱ्याच्या रंगतक्त्यात जांभळट दिसते. यांपैकी कोणता रंग ‘खरा’, या प्रश्नाला आकडेवारीत उत्तर नाही.

तिसरे उदाहरण सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह (१९८८) या यंत्राचे. या यंत्राला एक आकृती दुसरीतून पारदर्शकपणे दाखविण्याची सर्वसाधारण सोय नव्हती. ‘सॉनिक द हेजहॉग’ (१९९१) या खेळाच्या पहिल्याच भागात धबधबे आहेत आणि ते एकाआड एक उभ्या पट्ट्यांनी रेखाटलेले आहेत. आजच्या सपाट पडद्यावर ते पडद्याच्या चिकाप्रमाणे दिसतात. पाण्याचा भास होत नाही. संमिश्र संकेताच्या मार्गाने मात्र हे पट्टे एकमेकांत विरून जात आणि मागील देखावा पाण्यातून दिसल्यासारखा वाटे. यामागील कारणही मोजता येण्याजोगे आहे. या यंत्राच्या ३२० पिक्सेलच्या पद्धतीत पिक्सेलांची गती सेकंदाला सुमारे ६७.१ लक्ष, एकाआड एक पट्ट्यांची आवर्तने याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ३३.६ लक्ष होतात. हा आकडा रंगवाहक लहरीच्या इतका निकट आहे की, उजेड आणि रंग वेगळे करण्याच्या प्रयत्नात दूरदर्शन-संच हे पट्टे पुसून टाकी. त्याच कारणाने धबधब्यावर इंद्रधनुष्यासारखी एक अस्थिर छटाही उमटे.

तथापि या उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हेच यंत्र लाल, हिरवा व निळा संकेत वेगवेगळा वाहून नेणाऱ्या तारेने चांगल्या नलिकेला जोडले, तर नलिकेवरही पट्टे दिसत. म्हणजे धबधब्याचे पाणी नलिकेने निर्माण केलेले नसून तारेने निर्माण केलेले आहे. ‘जुना पडदा’ असे जे एकवचनी नाव घेतले जाते त्यात संकेताचा प्रकार, तार, नलिका आणि बटनांची मांडणी अशा अनेक वस्तू दडलेल्या असतात. उच्चार म्हटला म्हणजे त्यात स्थान, प्रयत्न व बोली या सर्वांचा विचार करावा लागतो, त्यातलाच हा प्रकार.

४

ही भूमिका मान्य केल्यावर प्रचलित पाठांचे परीक्षण करता येते. त्यासाठी एक सोयीचे उदाहरण स्वतः निन्टेन्डो कंपनीनेच पुरविले आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात तिने आपल्या जुन्या एन.ई.एस. यंत्राची तीस खेळ असलेली एक लहान आवृत्ती विक्रीस आणली. तीत चित्र पाहण्याच्या तीन पद्धती दिलेल्या आहेत : ‘पिक्सेल परफेक्ट’, ‘४:३’ आणि ‘सी.आर.टी. फिल्टर’. एकाच संहितेचे तीन पाठ एकाच मुखपृष्ठाखाली मिळावेत ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु त्यांना दिलेली नावे तपासून पाहण्यासारखी आहेत.

‘पिक्सेल परफेक्ट’ या नावातील ‘परफेक्ट’ हा शब्द निर्दोषतेचा दावा करतो. या पद्धतीत प्रत्येक पिक्सेल बरोबर चौरस दाखविला जातो. परंतु एन.ई.एस.चा पिक्सेल दूरदर्शनवर चौरस नव्हताच. त्याची रुंदी व उंची यांचे प्रमाण सुमारे ८:७ असे होते. अर्थात चौरस पिक्सेलांच्या चित्रात सर्व आकृती मूळच्या मानाने एक-अष्टमांशाने अरुंद होतात; वर्तुळ उभट होते आणि मारिओ सडपातळ होतो. ज्या पाठात आकृतीचा आकारच बदलतो त्याला निर्दोष म्हणणे, आणि ज्यात आकार बरोबर राहतो त्याला केवळ ‘४:३’ असे कोरडे गणिती नाव देणे, यात लेखनाला उच्चारापेक्षा अधिक प्रामाण्य देणारी दृष्टी उघड दिसते.

नाणेघरांतील, म्हणजे नाणे टाकून चालणाऱ्या, यंत्रांच्या बाबतीत हा दोष याहूनही ठळक आहे. कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर टू’ (१९९१) ज्या यंत्रावर चाले त्याचे चित्र ३८४ गुणिले २२४ पिक्सेलांचे असून ते ४:३ प्रमाणाच्या नलिकेवर दाखविले जाई. म्हणजे तेथे पिक्सेल अरुंद होता. त्याची रुंदी उंचीच्या सात-नवमांश होती. ज्या चित्रकारांनी ते मल्ल रेखाटले त्यांनी ही आक्रसण गृहीत धरून ते आकडेवारीत रुंद काढले. चौरस पिक्सेलांत दाखविल्यास हे मल्ल जवळजवळ सव्वापटीहून अधिक रुंद होतात. येथे ‘जसेच्या तसे’ दाखविणे म्हणजे चित्रकाराच्या हिशेबाचा पूर्वार्ध ठेवून उत्तरार्ध गाळणे होय.

चौरसाचा मोह का पडतो हेही समजून घेतले पाहिजे. सपाट पडद्याला पिक्सेलांची ठरावीक जाळी असते. २४० रेषांचे चित्र ७२० रेषांच्या पडद्यावर तिपटीने, २१६० रेषांच्या पडद्यावर नऊपटीने नेमके बसते. परंतु १०८० रेषांच्या पडद्यावर ते साडेचारपटीने वाढवावे लागते. अशा वेळी काही रेषा चार जागा व्यापतात आणि काही पाच. चित्र सरकू लागले की ही विषमता लाटेसारखी डोळ्यांत भरते. ८:७ प्रमाण राखावयाचे तर आडव्या दिशेनेही हीच अडचण येते. चौरस पिक्सेल आणि पूर्णांकी वाढ यांची निवड ही नव्या पडद्याच्या सोयीची निवड आहे. सोय हा दोष नव्हे. मात्र सोयीला निष्ठेचे नाव देणे हा दोष आहे.

५

दुसरा एक संप्रदाय चित्र गुळगुळीत करणाऱ्यांचा आहे. २००१ साली आलेली ‘स्केल टू एक्स’ ही पद्धत आणि तिच्या अनुषंगाने निघालेल्या इतर पद्धती प्रत्येक पिक्सेलचे शेजारी तपासतात व तेथे वक्ररेषा असावी की कोपरा असावा याचा तर्क करून नवे पिक्सेल घालतात. २०११ साली योहानेस कॉफ आणि डॅनी लिशिन्स्की यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हा विचार शेवटच्या टोकास नेला असून, पिक्सेलांच्या चित्रापासून सलग बाह्यरेखा कशा काढाव्यात हे दाखविले आहे. गणिताच्या दृष्टीने ही कामगिरी निःसंशय मोठी आहे. परंतु समीक्षेच्या दृष्टीने तिची जात तर्काने केलेल्या पाठशुद्धीची आहे. पोथीतील त्रुटित जागा संपादकाने कल्पनेने भरावी त्याप्रमाणे येथे जे चित्र मिळते ते कोणत्याही पडद्यावर, कोणत्याही काळी दिसलेले नव्हते. चेहरे मेणाचे होतात, केसांचे पुंजके एकजीव होतात आणि सोळा पिक्सेलांच्या चौकटीत चित्रकाराने एकेका ठिपक्याने साधलेली सूचकता नाहीशी होते.

तिसरा संप्रदाय नलिकेचे अनुकरण करणाऱ्यांचा. त्याचे प्राथमिक रूप म्हणजे चित्रावर समान अंतराने काळ्या आडव्या रेषा ओढणे. हे रूप अतिशय लोकप्रिय असले तरी ते नलिकेचे व्यंगचित्र आहे. नलिकेत शलाकेचा ठिपका तीव्रतेबरोबर रुंदावत असे. काळोख्या भागात रेषा बारीक व वेगळ्या दिसत आणि उजळ भागात त्या फुगून मधली काळी जागा जवळजवळ भरून टाकीत. सर्वत्र सारखी काळी रेषा ओढल्याने हा जिवंत चढउतार तर हरवतोच, शिवाय पडद्याचा उजेडही निम्म्यावर येतो. परदेशी माणसाने मराठी बोलताना प्रत्येक च आणि ज दंततालव्य उच्चारावा तसा हा प्रकार आहे. भेद असतो एवढे त्याला कळले आहे, तो कोठे असतो हे कळलेले नाही.

याच्या पुढील शेडर-आज्ञावलींनी मात्र या बाबतीत खरी प्रगती केली आहे. ‘सी.आर.टी. रॉयल’सारख्या शेडरमध्ये ठिपक्याची रुंदी उजेडाप्रमाणे बदलते, नलिकेच्या आतील जाळीचे प्रकारही निवडता येतात. सोनी कंपनीने १९६८ साली आणलेल्या ट्रिनिट्रॉन नलिकेत ही जाळी ताणलेल्या उभ्या तारांची असे, तर इतर नलिकांत छिद्रांचा पत्रा असे. दोहोंचा पोत अगदी भिन्न. ‘कॅसलव्हेनिया : सिम्फनी ऑफ द नाइट’ (१९९७) या खेळातील ड्रॅक्युलाच्या लहानशा मुखचित्रात डोळ्याच्या जागी काही मोजके लाल पिक्सेल आहेत. चौकोनी पाठात ते चेहऱ्यावर पडलेल्या डागासारखे दिसतात. नलिकेवर, आणि चांगल्या अनुकरणातही, ते शेजारच्या सावलीत पसरून निखाऱ्यासारखी नजर निर्माण करतात. असे सूक्ष्म अनुकरण करण्यास एका जुन्या रेषेमागे नव्या पडद्याच्या पुष्कळ रेषा लागतात आणि जाळीने खाल्लेला उजेड भरून काढण्यास पडदाही तेजस्वी लागतो; म्हणूनच २१६० रेषांचे पडदे सुलभ झाल्यावर या अनुकरणास बळ आले.

परंतु चित्र केवळ जागेत नसते, काळातही असते. नलिकेवरील प्रत्येक बिंदू क्षणभर चमकून विझे. सपाट पडदा मात्र तेच चित्र पुढचे येईपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत, धरून ठेवतो. डोळा सरकत्या देखाव्याचा पाठलाग करीत असतो आणि चित्र जागेवर उभे असते. परिणामी एका चित्रात सहा पिक्सेल सरकणारा देखावा तेवढ्याच रुंदीने फरफटलेला दिसतो. स्थिर छायाचित्रात निर्दोष ठरणारा पाठ गतीत सदोष ठरतो तो यामुळे. दोन चित्रांच्या मध्ये काळे चित्र घालून हा दोष कमी करता येतो, पण त्याची किंमत उजेडात मोजावी लागते. पडदा हा यंत्राचा अविभाज्य भाग होता याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ‘डक हंट’ (१९८४) या खेळात मिळतो. त्यातील बंदूक नलिकेवर ठरावीक क्षणी उमटलेला उजेड टिपून नेम बरोबर की चूक हे ठरवी. सपाट पडद्यावर तो उजेड उशिरा आणि निराळ्या रीतीने येतो. म्हणून मूळ यंत्र व मूळ बंदूक जागेवर असूनही खेळ चालत नाही.

६

नलिकेच्या पक्षाचे समर्थन करताना त्याच्या मर्यादाही नमूद करणे न्याय्य होईल. जुन्या खेळांतील प्रत्येक पिक्सेल नलिकेच्या परिणामाचा हिशेब करूनच ठेवला होता, असा जो सरसकट दावा अलीकडे ऐकू येतो तो मान्य करता येत नाही. चित्रकारांसमोरचा पडदाही नलिकेचाच असे हे खरे. परंतु कामाच्या जागेचा पडदा आणि खेळणाऱ्याच्या घरातील जुनाट संच यांत पुष्कळ अंतर असू शके. नाणेघरांतील यंत्रांना तर संमिश्र संकेताची बाधाच नव्हती; तेथील चित्र बरेच स्पष्ट असे. सॉनिकच्या धबधब्यावरून जो निष्कर्ष निघतो तो त्या यंत्रांना लावणे चुकीचे ठरेल.

हातात धरून खेळावयाच्या यंत्रांची गोष्ट आणखी निराळी. १९८९ च्या गेम बॉयचा पडदा १६० गुणिले १४४ पिक्सेलांचा, चार छटांचा, हिरवट आणि मंद होता. त्याला नलिकेचा फिल्टर लावणे ही व्याकरणाचीच चूक होय. २००१ च्या गेम बॉय ॲडव्हान्सला स्वतःचा उजेड नव्हता. त्या अंधुक पडद्यावर दिसावे म्हणून अनेक खेळांचे रंग मुद्दाम भडक किंवा फिके ठेविलेले होते. तेच रंग आजच्या प्रकाशमान पडद्यावर विटल्यासारखे दिसतात. येथेही आकडेवारी अबाधित आहे आणि चित्र बदललेले आहे. फक्त हरवलेला उच्चार दुसऱ्या घराण्याचा आहे.

‘मूळ’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. १९९० नंतरच्या दशकात फॅमिकॉमच्या असंख्य नकली यंत्रांनी भारतातील घरांत प्रवेश केला. त्यांच्या खेळांना घरोघर ‘कॅसेट’ म्हणत. यंत्र बहुधा ॲन्टेनाच्या खाचेतून संचाला जोडीत. महाराष्ट्रातील एका पिढीने मारिओ पाहिला तो असा. येथील दूरदर्शनची पद्धत ६२५ रेषांची आणि सेकंदाला ५० हप्त्यांची. रंगाचा संकेत वाचण्याची तिची रीतही अमेरिकेहून वेगळी. सेकंदाला साठ चित्रे गृहीत धरून रचलेला खेळ पन्नास चित्रांच्या जातीच्या यंत्रावर चालविला तर त्याची चालही मंदावत असे. टोकियोतील मुलाने पाहिलेला मारिओ आणि सांगलीतील मुलाने पाहिलेला मारिओ यांत लेखन एक होते, उच्चार दोन होते. यांपैकी दुसऱ्याला अशुद्ध म्हणावयाचे काय? बोलीला अपभ्रष्ट भाषा मानण्याचा काळ भाषाविचारात केव्हाच मागे पडला. तोच विवेक येथेही दाखविला पाहिजे.

७

पाठ अनेक आहेत म्हणून सर्व सारखेच, असा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिचे महत्त्व तिने स्वीकारलेल्या संहितेइतकेच तिने तळटीपांत नोंदविलेल्या पाठभेदांत आहे. संपादकाने काय निवडले, काय वगळले आणि कोणत्या आधारावर, हे वाचकाला पडताळून पाहता येते. जुन्या खेळांच्या पुनःप्रकाशनात नेमकी हीच शिस्त अभावानेच आढळते. चौकोनी पाठ आपण पाठ असल्याचे सांगत नाही, ‘सी.आर.टी. फिल्टर’ कोणत्या नलिकेचे, कोणत्या संकेताचे व कोणत्या देशातील दूरदर्शनचे अनुकरण करतो हे सांगत नाही. रंगतक्ता कोणत्या मोजणीवरून बनविला हेही बहुधा अनुक्तच राहते. प्रत्येक आवृत्तीने एवढे तरी नोंदवावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

याची निकड एका साध्या वस्तुस्थितीतून येते. घरगुती संचांच्या नलिकांचे उत्पादन आता बंद पडले आहे. ज्या आहेत त्यांचा लेप झिजत आहे आणि त्या दुरुस्त करणारे हातही कमी होत आहेत. आकडेवारीच्या प्रती हव्या तितक्या काढता येतात. तिचा नाश होण्याचे भय फारसे नाही. भय आहे ते हे की, ती कशी वाचावयाची याचे ज्ञान नलिकेबरोबर नाहीसे होईल आणि ज्यांनी केवळ चौकोन पाहिले आहेत अशी पिढी चौकोनांनाच मूळ मानील. तसे घडू लागल्याची चिन्हे आहेत. नव्याने निघणाऱ्या ‘जुन्या वळणाच्या’ अनेक खेळांत रेखीव चौकोन हेच प्राचीनतेचे लक्षण समजले जाते. हे खेळ आपापल्या जागी सुंदर असू शकतात, पण ते ज्या भूतकाळाची आठवण देतात तो त्या रूपात कधी अस्तित्वात नव्हता.

म्हणून चालू असलेल्या नलिकांची मापे घेऊन ठेवणे, त्यांच्या ठिपक्याची रुंदी, रंग, विझण्याचा काळ यांची नोंद करणे, हे काम खेळांच्या आकडेवारीच्या जतनाइतकेच महत्त्वाचे आहे. एखाद्या अस्तंगत होणाऱ्या बोलीच्या शेवटच्या भाषकांकडून ध्वनिमुद्रण करून घेण्यास जो उशीर लागतो, त्याची भरपाई नंतर कोणत्याही व्याकरणाने होत नाही.